सोवळ्यातला सिंह

रामकुंडावर शामसुंदर गुरुजींकडे माणसं दोन गोष्टी विचारायला येतात. एक, श्राद्धाची तिथी. दुसरी, कोणता ब्राउझर चांगला. तिथी सांगण्याआधी गुरुजी पंचांग उघडून बघतात. ब्राउझर मात्र ते डोळे मिटून सांगतात. या विषयातला अधिकार त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला आहे आणि तो काढून घ्यायची अजून कोणाची छाती झालेली नाही.

हे खूळ शिरलं टाळेबंदीत. घाट ओस पडला, यजमान आपापल्या घरी अडकले, तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, आल्हादने, एक लॅपटॉप पाठवून दिला. 'बाबा, यावरून पूजा सांगा.' गुरुजींनी आधी नाक मुरडलं, मग सिंगापूरच्या एका यजमानाचा सत्यनारायण सांगून पाहिला, आणि मग काय विचारता! मखमलाबाद नाक्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून सातासमुद्रापलीकडे प्रसाद जाऊ लागला. म्हणजे प्रसाद करायचा यजमानांनी, खायचाही त्यांनीच. गुरुजी इथून फक्त 'घ्या आता' म्हणत.

सगळं सुरळीत चाललं होतं. एक दिवस ऐन संकल्पाच्या वेळी मंत्रांच्या पानावर अचानक कोंबडीच्या बिर्याणीची जाहिरात उमटली. गुरुजींचा पडदा यजमानालाही दिसत होता. यजमान बिचारा भाविक. त्याने हात जोडून विचारलं, "गुरुजी, हे नैवेद्यात धरायचं का?"

त्या दिवसापासून गुरुजी ब्राउझरच्या मागे लागले. इंटरनेटच्या गावात शिरायच्या वेशी अनेक, गाव एकच. पण कोणत्या वेशीतून शिरता त्यावर गावकरी तुमच्याशी कसे वागतात ते ठरतं, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. नावं इंग्रजी म्हणून त्यांनी चित्रांवरून बारसं केलं. पहिला रंगीत गोळा. हा सार्वजनिक नळासारखा, सगळ्या गावाचा, कोणाला नाही म्हणत नाही. दुसरी निळी लाट. ही लॅपटॉपबरोबर आंदण आलेली, त्यामुळे स्वभावाने चांगली असूनही घरात तिची किंमत कोणी केली नाही. तिसरा लाल कोल्हा. चलाख, कामसू, पण शेवटी कोल्हा तो कोल्हाच, मांस खाणारा. त्याच्या तोंडून पुरुषसूक्त वाचायचं कसं? आणि चौथा सिंह. सिंह उघडला आणि तेच मंत्रांचं पान पाहिलं तर जाहिरात गायब. गुरुजींनी पडद्याला नमस्कार केला. देवीचं वाहन आहे, आपल्या घरात आलंय, असं त्यांनी श्यामलाबाईंना सांगितलं.

श्यामलाबाई, म्हणजे त्यांची पत्नी, तेव्हा वाटाणे सोलत होत्या. "बसा म्हणावं," त्या म्हणाल्या.

तिथून पुढे सिंह सोवळ्यात गेला. बातम्या, वीजबिल, क्रिकेट, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं याची चौकशी, हे सगळं गोळ्यावर. सिंहाला हात लावायचा तो आंघोळ करून, सोवळं नेसून, काही न खातापिता. आल्हादने फोनवर कपाळाला हात लावला, तो इथपर्यंत ऐकू आला. घाटावरचे त्यांचे जुने मित्र रंगनाथ गुरुजी जास्त रोखठोक. ते म्हणाले, "शामा, यंत्र एकच, बटणं तीच, बोटं तुझीच. मग त्यात सोवळं कुठलं नि ओवळं कुठलं?"

"गोदावरी एकच आहे ना?" शामसुंदर गुरुजी उसळून म्हणाले. "वर रामकुंड आहे, खाली लोक गोधड्या धुतात. पाणी तेच. मग रामकुंडात गोधडी धुशील का?"

रंगनाथ गुरुजी गप्प झाले. वादात गप्प होणं हा त्यांचा मोठेपणा होता. शामसुंदर गुरुजी त्याला आपला विजय समजत.

पण बटणांचा मुद्दा गुरुजींना आतून टोचत राहिला असावा. कारण पुढे ते सिंह उघडण्याआधी तुळशीच्या पानाने लॅपटॉपवर गोदेचं पाणी शिंपडू लागले. महिन्याभरात निम्मी बटणं स्वर्गवासी झाली. शालिमारजवळच्या दुरुस्तीवाल्या ललितने लॅपटॉप उघडून पाहिला आणि विचारलं, "काका, पाणी सांडलं होतं का?"

"सांडलं नाही," गुरुजी दुखावून म्हणाले. "प्रोक्षण केलं."

अशा या घरात श्यामलाबाईंनी संसार केला. त्यांना स्वतःचं असं काही हवं आहे, ही शंकाही घरात कोणाला आली नव्हती, आणि त्यांनी ती येऊ दिली नव्हती. खालच्या मजल्यावर चांदवडकडच्या सिंधुबाई राहायच्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून दुपारी श्यामलाबाई त्यांना वर्तमानपत्र आणि वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्या वाचून दाखवत. सिंधुबाईंचे डोळे केव्हाच बरे झाले होते, पण ते त्या कबूल करत नव्हत्या.

"ताई, तुमी वाचत्या नं, तं मानूस समोर येऊन बसतं," सिंधुबाई म्हणायच्या. "मी वाचते तं नुसती अक्षरं दिसत्यात. मला नाय जमत तसं."

याच सिंधुबाईंच्या मुलीने, हर्षालीने, पुण्यातल्या एका कंपनीची माहिती पाठवली. ऐकायची पुस्तकं काढणारी कंपनी होती, आणि त्यांना घरी बसून वाचणारे आवाज हवे होते. चाचणी इंटरनेटवर, लॅपटॉपवरूनच द्यायची, आणि एकदाच. चुकलात तर पुन्हा नाही. श्यामलाबाईंनी नाव दिलं आणि मग भीत भीत नवऱ्याला सांगितलं.

"वाचायला काय लागतं?" गुरुजी म्हणाले. "डोळे असले की झालं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. जन्मभर चारचौघांत मोठ्याने वाचायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून घरात आणखी कोणाला आवाज असेल हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

त्या आठवड्यात श्यामलाबाईंनी लोणचं खाल्लं नाही, ताक प्यायल्या नाहीत, आणि देवापुढे निरांजन लावताना ओठ हलले ते नेहमीच्या स्तोत्रासाठी नव्हते. हे काम त्यांना हवं होतं. लहान मुलाला जत्रेतली शिट्टी हवी असते तितकं साधं आणि तितकं सगळ्या जिवानिशी हवं होतं.

चाचणीचा दिवस उजाडला. अकराची वेळ. साडेदहाला श्यामलाबाईंनी गोळा उघडला, कंपनीचं पान आलं, आणि खाली लाल अक्षरांत आलं की मायक्रोफोन मिळत नाही. लाटेवर तेच. कोल्ह्यावर तेच. घरातलं बोलणं बाहेर कशाला ऐकू जायला हवं, म्हणून गुरुजींनी तिन्ही ठिकाणी आत कुठेतरी जाऊन मायक्रोफोन कायमचा बंद करून टाकला होता. कुठे जाऊन केला, ते त्यांना आता आठवेना. आल्हादला फोन लावला तर तो मीटिंगमध्ये.

मायक्रोफोन चालू होता फक्त सिंहावर, कारण पूजा त्यावरून सांगायच्या.

दोघंही पडद्यावरच्या त्या केशरी तोंडाकडे बघत उभे राहिले. श्यामलाबाईंनी हळूच खुर्ची पुढे ओढली.

"अगं, अगं, अगं!" गुरुजी ओरडले. आधी खाकरले, मग ओरडले. कारण खाकरल्याशिवाय ते कुठलंच वाक्य सुरू करत नसत. "मी काय म्हणतो, तू आत्ता भाजी घेऊन आलीस. त्याआधी सिंधुबाईंकडे चहा प्यायलीस. आणि तशीच सिंहावर बसणार?"

दुसरी एखादी असती तर तिने लॅपटॉपच त्यांच्या डोक्यात घातला असता. श्यामलाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि सरळ न्हाणीघरात गेल्या. गीझर लावायला वेळ नव्हता. गार पाण्याच्या तांब्यांचा आवाज बाहेर आला, मग कपाट उघडल्याचा. अकराला थोडं कमी असताना त्या बाहेर आल्या त्या सोवळ्याची रेशमी नऊवारी नेसून, ओले केस आवळून, कपाळावर कुंकू लावून. महालक्ष्म्यांच्या दिवशी दिसत तशा दिसत होत्या. फक्त डोळ्यांत महालक्ष्मी नव्हती, महिषासुरमर्दिनी होती.

गुरुजी तुळशीचं पान पाण्यात बुडवून लॅपटॉपकडे निघाले होते.

"ते पाणी खाली ठेवा," श्यामलाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी ठेवलं. का ठेवलं ते त्यांना कळलं नाही. लग्नापासून असा आवाज त्यांनी त्या घरात ऐकला नव्हता.

"आता बाहेर बसा. आणि माझं होईपर्यंत खोकू नका, खाकरू नका, बोलू नका."

"मी कशाला..." गुरुजी म्हणू लागले, तोवर दार लागलं होतं.

बाहेरच्या खोलीत ते पलंगाच्या कडेला बसले. दार जुनं, फट मोठी. आतून एका मुलीचा आवाज आला. तिने आपलं नाव मृण्मयी सांगितलं आणि लगेच म्हणाली, "अय्या काकू, किती छान तयार झालात! आज काही कार्यक्रम आहे का घरी?"

"आहे ना," श्यामलाबाई म्हणाल्या. "हीच चाचणी."

मुलगी हसली. मग म्हणाली, की आता एका कादंबरीतलं पान समोर येईल, ते आधी मनात वाचून घ्या आणि मग मोठ्याने वाचा. मधे थांबायचं नाही. गुरुजींनी बाहेर नकळत हात जोडले. एखादं ज्ञानाचं, भक्तीचं पान येऊ दे, असं त्यांनी मनात म्हटलं. सिंहाच्या दृष्टीने ते बरं पडलं असतं.

आत श्यामलाबाईंनी वाचायला सुरुवात केली.

"'जत्रेचा दिवस. अंगणात पंगत बसली. चुलीवर बोकडाच्या मटणाचा रस्सा रटरटत होता...'"

गुरुजी पलंगावरून उठले, पुन्हा बसले. देवीच्या वाहनावर, सोवळ्यात, ओल्या केसांनी त्यांची पत्नी बोकड शिजवत होती. आणि शिजवत तरी किती चवीने! काळा मसाला, भाजलेलं खोबरं, वर आलेला तेलाचा तवंग. जन्मात कांद्याच्या रश्शापलीकडे न गेलेल्या त्या बाईने असं काही वाचलं की गुरुजींच्या तोंडाला पाणी सुटलं. ते त्यांनी मोठ्या निग्रहाने गिळलं आणि मनात आचमन केलं.

गोष्टीतला म्हातारा सासरा ताटावर येऊन बसला. आतून खाकरल्याचा आवाज आला आणि गुरुजींनी दचकून स्वतःच्या गळ्याला हात लावला. आपणच खाकरलो असं त्यांना वाटलं. पण त्यांचं तोंड तर मिटलेलं होतं.

"'कुणी केलाय ह्यो रस्सा? आं? रस्सा हाय का पाटाचं पानी? मी काय म्हणतो, मीठ कुठं गेलं? समदी अक्कल माहेरी ठिवून आली काय गंऽऽ?'"

बोली त्या म्हाताऱ्याची होती. पण ते खाकरणं, वाक्याच्या शेवटाला दिलेला तो हेल, मधेच 'आं' करून वाट बघायची ती खोड, सगळं शामसुंदर गुरुजींचं होतं. हुबेहूब. मखमलाबाद नाक्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून गुरुजी बोकडाच्या रश्शात मीठ कमी पडल्याची तक्रार करत होते. आणि ते ऐकायलाही गुरुजीच बसले होते.

आधी त्यांना संताप आला. दार उघडून आत जावं आणि सांगावं, 'अगं, मी असा कधी बोललो?' त्यासाठी ते उभे राहिले, तोच खोकल्याची उबळ आली. उबळ म्हणजे अशी, की पोटापासून निघाली ती टाळूपर्यंत. दार बंद, फट मोठी, आत मायक्रोफोन चालू. गुरुजींनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, चेहरा जास्वंदीसारखा लाल झाला. एक खोकला आणि सगळं संपलं असतं. पण ते खोकले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक खोकला पूर्ण गिळला, आणि म्हणून पुढचं त्यांना ऐकू आलं.

श्यामलाबाईंचा आवाज बदलला होता. आता त्या कोणाचीच नक्कल करत नव्हत्या.

"'सून हातात पळी घेऊन उभी राहिली. मसाला तिनं झुंजूमुंजूला उठून वाटला होता. मिठाचा अंदाज हातानंच घेतला होता. चाखून बघायची त्या घरात रीत नव्हती. आधी देवाला, मग सासऱ्याला. ती काही बोलली नाही. पळीतला रस्सा पुन्हा पातेल्यात ओतला, आणि मीठ आणायला गेली.'"

गुरुजींनी तोंडातलं उपरणं काढलं. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, हे त्यांनीच लग्नानंतर पहिल्या सणाला श्यामलाबाईंना सांगितलं होतं. आणि दर सणाला पहिला घास घेऊन, खाकरून, आमटीत काय कमी आहे तेही त्यांनीच सांगितलं होतं. हे दोन्ही नियम एकाच माणसाने केले आहेत, हे त्यांच्या आज लक्षात आलं. त्यांना खूप लाज वाटली. इतकी की दार उघडलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून कालनिर्णय वाचत होते.

त्याआधी आत मृण्मयी टाळ्या वाजवून म्हणाली होती, "काकू, तो म्हातारा कुठून आणलात हो? कसला जिवंत!"

"आहे ओळखीतला," श्यामलाबाई म्हणाल्या होत्या.

दोन दिवस गुरुजींनी लॅपटॉपला हात लावला नाही. श्यामलाबाईंना वाटलं, मटण बाधलं. सिंहाला आता प्रायश्चित्त काय द्यायचं, या विचारात ते असतील. थोडेफार ते होतेही. शेवटी घाटावर त्यांनी रंगनाथ गुरुजींना सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचा भाग गाळून, फक्त मटणाचा.

रंगनाथ गुरुजींनी शांतपणे ऐकलं. "शामा," ते म्हणाले, "कोल्हा मांस खातो म्हणून तू त्याला बाहेर ठेवलास. सिंह काय खातो, ते तुला कोणी सांगितलं नव्हतं का रे?"



आठवड्याने फोन आला. श्यामलाबाईंची निवड झाली होती, आणि पहिलं पुस्तक म्हणून तीच कादंबरी त्यांना पूर्ण वाचायची होती. त्यांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडल्या. मग डोळे पुसून खाली सिंधुबाईंना सांगायला गेल्या. गुरुजींनी तेवढ्यात लॅपटॉप उघडला. सिंहावरचे आपले मंत्र, पंचांग, यजमान, सगळं एकेक करून निळ्या लाटेवर नेलं, आणि आल्हादला फोनवर विचारून तिथला मायक्रोफोनही चालू केला. नेताना आंघोळ झाली आहे की नाही, हे बघायचं राहूनच गेलं. घाटावर आता कोणी विचारलं की कोणता ब्राउझर चांगला, तर ते डोळे न मिटता सांगतात, "घरात जो रिकामा सापडेल तो." लोकांना वाटतं, गुरुजी थकले.

सकाळी घाटावरून आल्यावर ते बाहेरच्या खोलीत बसतात. आत वाचन चालू असतं. म्हातारा रोज कोणावर तरी ओरडतो, गुरुजी रोज ऐकतात, आणि कधी कधी 'अरे, बास आता' असं हळूच म्हणतात.

परवा श्यामलाबाईंनी मधेच दार उघडलं. गळ्यात हेडफोन. "अहो, जरा आत या. मदत हवी आहे."

"मी? वाचायला?"

"खोकायला. आज म्हातारा मरतो. शेवटचा खोकला मला नीट जमत नाहीये."

गुरुजी आत गेले. समोरच्या खुर्चीवर बसले. "मरतो?" त्यांनी विचारलं. "इतक्यात?"

"हो. या पानावर."

"मरताना सुनेला काही म्हणतो का?"

श्यामलाबाईंनी पडद्यावर बोट फिरवून पाहिलं. "नाही. नुसता तिच्याकडे बघतो आणि खोकतो."

"काहीतरी म्हणायला हवं होतं त्याने."

"लिहिलंय तेच वाचायचं असतं."

"ते आलं लक्षात." गुरुजी खाली बघत होते. खाकरले नाहीत. "पण म्हणायला हवं होतं. मीठ बरोबर होतं म्हणून."

श्यामलाबाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "कोणत्या दिवसाचं?"

"सगळ्याच," गुरुजी म्हणाले, आणि मायक्रोफोन जवळ ओढून त्या म्हाताऱ्यासाठी मनापासून खोकले.